बर्फाच्या देशातला धडा

एक धडा मी नोकरीभर नावडीने शिकवला. पाण्याचं असंगत आचरण. बाकीचे बहुतेक पदार्थ थंड केले की आकसत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसतं आणि त्याहून थंड केलं की उलट प्रसरण पावायला लागतं. म्हणजे ४ अंशांचं पाणी सगळ्यांत जड. ते सिद्ध करायला होपचं उपकरण: पाण्याचं उभं नळकांडं, त्याच्या मध्याभोवती गोठणमिश्रणाचा कप्पा, एक तापमापी वर, एक खाली, आणि दोन्हींच्या नोंदींचे एकमेकांना छेदणारे आलेख. शेवटी ठरलेलं तात्पर्य: थंड प्रदेशात तलावाचा वरचा थर गोठला तरी तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं, म्हणून मासे जगतात.

मला हा धडा परका वाटायचा, आणि परका वाटतो हे मी मुलांपासून फारसं लपवतही नव्हते. माझी शाळा माण तालुक्यातली. उन्हाळ्यात वस्त्यांवर टँकर यायचा. ज्या मुलांनी बर्फ पाहिला तो गाड्यावरच्या गोळ्याचा, त्यांना गोठलेल्या तलावाखालच्या माशांचं कौतुक कशाला सांगायचं? ‘हे आपल्याकडे नसतं, पण प्रश्न नक्की येतो, आकृती नीट काढा,’ एवढं म्हणून मी पुढे सरकायचे. आकृतीत तलावाचे आडवे पट्टे असायचे. वर बर्फ, मग ०, १, २, ३ आणि तळाशी ४ अंश. मुलं पट्टीने रेघा मारायची. मी बरोबरच्या खुणा करायचे.

या नावडीला मी तेव्हा व्यवहारी दृष्टी समजत होते. शिक्षणात आपल्या मातीतलं काही नाही, सगळं उसनं आहे, अशी तक्रार मी शिक्षक खोलीत मोठ्या तावातावाने करायचे. तक्रार सगळीच खोटी नव्हती. पण तिच्या आडून मी माझा आळस झाकत होते, हे कळायला निवृत्ती उजाडावी लागली.

एका वर्षी हाच धडा चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. अभ्यासात बेताचा, पोहण्यात पटाईत. म्हणाला, “बाई, आमच्या हिरीत वरचं पाणी कोमट आसतंय, अन् बुडी मारली की एका जागी एकदम गार लागतंय. तिथं कुठं बर्फ हाय? मग त्ये कशानं?”

मी म्हणाले, “ते परीक्षेत येत नाही. बस खाली.” वर्ग हसला. तो बसला.

मला उत्तर येत नव्हतं हे खरं. ‘मलाही माहीत नाही, बघू या,’ असं म्हणायला काही लागलं नसतं. पण त्याहून वाईट गोष्ट ही की तो जे सांगत होता त्याला मी विज्ञान मानलंच नाही. एडिंबरोच्या होपने १८०५च्या सुमारास नळकांड्यात पाहिलं ते विज्ञान, आणि माणच्या पोराने स्वतःच्या अंगाने विहिरीत पाहिलं ती नुसती पोरांची बडबड. मातीतलं काही नाही म्हणून गळा काढणाऱ्या बाईंच्या वर्गात माती स्वतः उठून बोलली होती. बाईंनी तिला खाली बसवलं.

त्याच्या वाक्यातला ‘एका जागी एकदम’ हा भाग तर मी ऐकलाही नाही. खरी किंमत त्या तीन शब्दांना होती.

तेव्हा माझ्या डोक्यात तलावाचं जे चित्र होतं ते असं: साचलेलं पाणी संथ असतं, म्हणून ते एकजीव असतं. ऊन वरून पडतं, म्हणून वर गरम आणि खाली उतरावं तसं थोडं थोडं थंड. आलेख काढायचा झाला तर एक तिरकी सरळ रेघ. आणि तळाला ४ अंश, कायमचे, पण ते फक्त बर्फाच्या देशांत. यातलं एकही विधान मी कधी तपासलं नव्हतं.

निवृत्तीनंतर लेकीकडे अमेरिकेत मिलवॉकीला गेले. गाव मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावर आहे. त्याला तळं म्हणताना जीभ अडखळते. उत्तर-दक्षिण लांबी ४९० किलोमीटरांहून जास्त, सर्वांत खोल जागी २८१ मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, फक्त पाणी खारं नाही. जुलैचे दिवस होते. नातवंडं संध्याकाळी पाण्यात असायची. पाणी वीस अंशांच्या आसपास, माझ्या माणदेशी अंगाला गारच, पण सोसवणारं. मीही गुडघाभर पाण्यात उभी राहायचे.

मग नैऋत्येकडून चांगला वारा सुटला आणि टिकला. उकाडा वाढला. वारा ओसरल्यावर आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो तेव्हा कडक ऊन होतं, वाळू तळव्यांना चटके देत होती. पाणी आज मस्त तापलं असणार, या हिशेबाने मी बेधडक आत पाऊल टाकलं आणि ओरडून मागे आले. घोट्यापर्यंतची हाडं ठणकायला लागली होती. नातू हसला, मग त्यानेही पाय घातला आणि त्याचंही हसू गेलं. जावयांनी फोनवर पाहून सांगितलं, पाणी नऊ अंशांवर आलंय.

पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते सांगते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, कुठून तरी बर्फाचं पाणी येऊन मिळालं असेल. मग वाटलं, एखाद्या कारखान्याने काही सोडलं असेल. भर जुलैत, तेही ऊन वाढलेलं असताना, पाणी एकदम दहा अंशांनी उतरतं याचं कारण मी सगळीकडे शोधलं. फक्त पाण्यात शोधलं नाही. जावई संगणकात काम करणारे, शनिवार-रविवारी मासेमारीला जाणारे. ते सहज म्हणाले, “आई, वारा होता ना. वरचं पाणी आत गेलं. हे खालचं आलंय.”

खालचं आलंय.

मी पुन्हा पाण्यात गेले, या वेळी मुद्दाम. उभं राहणं कठीण होतं, तरी उभी राहिले. जे पाणी माझ्या घोट्यांना लागत होतं ते वसंतानंतर उन्हाला भेटलेलंच नव्हतं. इतके दिवस आम्ही ज्याला तळ्याचं पाणी म्हणत होतो तो नुसता वरचा थर होता. त्याच्याखाली, मुलं पोहत होती तिथून फार दूर नाही, हे दुसरं पाणी अख्खा उन्हाळा तसंच पडून होतं. मी दरवर्षी फळ्यावर आडव्या रेघा मारून ज्याचं चित्र काढलं, तो थर प्रत्यक्ष पायाला लागला तेव्हा मला ओळखता आला नाही. त्या दिवशी परीक्षा असती तर मी नापास झाले असते, आणि प्रश्नपत्रिका माझ्याच हातची होती.

लाज वाटली, पण लाजेने माणूस बदलतोच असं नाही. घरी येऊन मी आधी स्वतःची बाजू मांडली. हे काही पुस्तकात नव्हतं. मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि हा पुन्हा बर्फाच्या देशातलाच तलाव, आमच्याकडे याचं काय? जुना ग्रह सहजासहजी सुटत नाही. तो नव्या अनुभवालाही आपल्या बाजूने साक्षीला उभा करतो. पण एवढं मात्र झालं की मी वाचायला बसले.

वाऱ्याचा हिशेब आधी लागला. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे कलतं. मिलवॉकी पश्चिम काठावर. दक्षिणेकडून वारा टिकून वाहिला की वरचं उबदार पाणी पूर्वेला, म्हणजे काठापासून आत सरकतं, आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार पाणी काठाशी वर चढतं. वारा थांबल्यावर कललेले थर पुन्हा सपाट व्हायला निघतात, पण लगेच स्थिरावत नाहीत. पृष्ठभाग शांत दिसतो आणि आत थरांची सीमा खालीवर हेलकावत राहते. स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात ही आतली हालचाल विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापमापी सोडून टिपली गेली होती. संथ म्हणजे एकजीव, हे माझं पहिलं विधान इथे गेलं.

दुसरं गेलं ते खोलीप्रमाणे तापमानाचा आलेख पाहून. खोल सरोवराचा उन्हाळ्यातला आलेख तिरकी रेघ नसतोच. वरचे काही मीटर, मिशिगनसारख्या ठिकाणी दहा-पंधरा मीटरसुद्धा, तापमान जवळजवळ सारखंच. मग थोडक्या मीटरांत ते धाडकन उतरतं. त्याखाली पुन्हा जवळजवळ सरळ, थेट तळापर्यंत, चार-पाच अंशांच्या घरात. मधला हा उताराचा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. बुडी मारणाऱ्याला तो हळूहळू जाणवत नाही, एका जागी एकदम जाणवतो. हे वाचून मी थांबले. हेच शब्द कुणीतरी मला वर्गात उभं राहून सांगितले होते.

मिलवॉकीहून पश्चिमेला मोटारीने दीडेक तासावर मॅडिसन आहे. तिथल्या मेंडोटा तलावावर एडवर्ड बर्ज या प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात काम केलं. बर्ज काही तापमानाच्या मागे नव्हता. त्याला पाण्यातले बारीक कवचधारी जीव मोजायचे होते. मोजताना त्याला दिसलं की उन्हाळ्यात हे जीव एका खोलीच्या खाली जातच नाहीत. का जात नाहीत म्हणून तापमान पाहिलं, तर नेमकं तिथेच ते कोसळत होतं. पुढे चॅन्सी ज्युडे या सहकाऱ्याबरोबर त्याने विस्कॉन्सिनच्या कितीतरी तलावांतले विरघळलेले वायू मोजले आणि १९११ साली ते प्रसिद्ध केलं. खालच्या थरात उन्हाळाभर प्राणवायू संपत जातो. वरून नवा येत नाही, कारण दोन पाणी मिसळत नाहीत.

ती का मिसळत नाहीत, हे समजायला आपलं स्वयंपाकघर पुरे. दुधाचं पातेलं खालून तापतं. तळाचं दूध हलकं होऊन वर येतं, वरचं खाली जातं, सगळं फिरत राहतं. तलाव वरून तापतो. हलकं झालेलं पाणी आधीच वर असतं, त्याला कुठे जायचं कारणच नाही. उन्हाची बहुतेक ऊब पहिल्या काही मीटरांतच शोषली जाते. त्याखाली जी ऊब पोचते ती बरीचशी वाऱ्याने ढवळून पोचवलेली असते. बर्जने १९१६ साली वाऱ्याच्या या कामाचा चक्क हिशेब मांडला होता. उन्हाळा सरला की वरचं पाणी थंड होऊन बुडायला लागतं, मिसळलेला थर खोल खोल जातो, आणि वरपासून तळापर्यंत तापमान एक झालं की वारा अख्खा तलाव ढवळू शकतो. तेव्हा तळाला वर्षाचा प्राणवायू मिळतो. तलावाचा श्वास म्हणायचा तर तो हाच.

राहिले माझे ४ अंश. तेही जसेच्या तसे टिकले नाहीत. पुस्तकातल्या छोट्या तळ्याला ते लागू आहेत. लवकर बर्फ धरला की वाऱ्याचा हात आत पोचत नाही आणि तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास राहू शकतं. पण मिशिगन एवढं मोठं, की ते सहसा पूर्ण गोठत नाही. हिवाळाभर वारा त्याला ढवळत राहतो आणि खोलवरचं पाणी ४ अंशांच्याही खाली जातं. आणि सायबेरियातलं बैकल, जगातलं सर्वांत खोल सरोवर, खोली १६४२ मीटर. तिथे पाण्याचा दाबच इतका की पाणी ज्या तापमानाला सर्वांत जड होतं ते तापमानच खाली सरकतं, दर १०० मीटरला अंशाच्या साधारण पाचव्या हिश्शाने. त्यामुळे बैकलच्या तळाचं पाणी साडेतीन अंशांपेक्षाही थंड आहे. फळ्यावर अधोरेखित केलेला माझा आकडा हवेच्या साध्या दाबाखालचा होता. एवढी साधी अट मी कधी मुलांना सांगितली नाही, कारण मला ती अट आहे हेच ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत ज्ञान वाढलं. मत बदललं असं अजून म्हणता येत नव्हतं. मनात कुठेतरी तो जुना आधार शाबूत होता: हे सगळं थंड देशांचं. तो कोसळला एका तक्त्यापुढे.

पाण्याच्या घनतेचा तक्ता. शाळेत असताना लॉग टेबलच्या पुस्तकासारखाच निर्जीव वाटणारा. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून कागद घेऊन मी वजाबाक्या करत बसले. एक घनमीटर पाणी घ्या, म्हणजे हजार लिटर. ते ४ अंशांवरून ५ अंशांवर नेलं तर तेवढ्या पाण्याचं वजन किती कमी होतं? साधारण ८ ग्रॅम. ठीक. १० वरून ११ वर नेलं तर? ९५ ग्रॅम. २० वरून २१ वर? दोनशेच्या थोडं वर. आणि २९ वरून ३० वर?

जवळजवळ ३०० ग्रॅम.

मला वाटलं वजाबाकी चुकली. पुन्हा केली. चुकली नव्हती. तेवढाच एक अंशाचा फरक, पण ३० अंशांच्या पाण्यात तो ४ अंशांच्या पाण्यातल्यापेक्षा पस्तीस पटींहून जास्त वजन पाडतो. थरांना एकमेकांपासून वेगळं ठेवतो तो वजनातला फरक. म्हणजे गरम देशातल्या पाण्यात एकदोन अंशांनीही थर घट्ट बसतात, आणि तेवढेच एकदोन अंश थंड पाण्यात वारा सहज मोडून काढतो. जो धडा आपल्या हवेत लागू नाही म्हणून मी नाक मुरडून शिकवला, तो आपल्याच हवेत जास्त जोराने लागू होता. बर्फ हे त्या नियमाचं एक टोक होतं. आम्ही दुसऱ्या टोकाला राहत होतो, आणि मी मुलांना सांगत होते की आपण त्यात नाहीच.

त्या कागदासमोर मी बराच वेळ बसून होते. पाय गार पाण्यात पडले तेव्हा लाज वाटली होती. आता लाजेपेक्षा राग आला, स्वतःचा. हा तक्ता माझ्या शाळेच्या कपाटात होता. वजाबाकी सातवीतल्या मुलालाही येते. एखाद्या रिकाम्या तासाला त्या पोहणाऱ्या पोराला फळ्यापाशी बोलावून आम्ही दोघांनी हे काढलं असतं. कुणी अडवलं होतं मला? अभ्यासक्रमाने? अभ्यासक्रमाने वजाबाकीला बंदी केलेली नाही. मला अडवलं ते माझ्या खात्रीने की आपल्या भवतालात शोधण्यासारखं काही नाही.

विहिरीचं उत्तरही तिथेच होतं, थोडी भर घालून. विहिरीला पाझरून येणारं भूजल बाराही महिने साधारण एकाच तापमानाला असतं, त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरी हवेच्या आसपास. म्हणून तेच पाणी थंडीत कोमट लागतं आणि वैशाखात गार. उन्हाळ्यात वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच राहतो. विहिरीला कठडा, आत वारा पोचत नाही, मग ढवळणार कोण? मुलगा बुडी मारतो आणि एका जागी एकदम गार थरात शिरतो. त्याने प्रश्नात अर्धं उत्तर दिलं होतं: तिथं बर्फ नाही. म्हणजे कारण बर्फ नाही. इतका स्वच्छ तर्क माझ्या वर्गात त्या वर्षी दुसऱ्या कुणी केला नसेल.

मग मी गरम देशांतली सरोवरं वाचायला घेतली. पूर्व आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर १४७० मीटर खोल. पृष्ठभागाचं पाणी २५ ते २७ अंशांचं आणि तळाचं २३ च्या थोडं वर. फरक तीन-चार अंशांचा, पण तेवढ्यावर ते अवाढव्य पाणी दोन भागांत कायमचं विभागलेलं आहे. वरच्या शंभर-दोनशे मीटरांखाली प्राणवायू नाही. मेलेले जीव आणि त्यांच्याबरोबरची खनिजं खाली जातात आणि अडकतात. कोरड्या ऋतूत दक्षिणेचा वारा थर कलवतो तेव्हा त्यातलं थोडं वर येतं, त्यावर शेवाळ, शेवाळावर बारीक मासे आणि माशांवर काठची माणसं. २००३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की पाणी वरून तापत गेल्याने आणि वारा मंदावल्याने ही वरची आवक घटली आहे. शेवाळाच्या उत्पादनात सुमारे २० टक्के घट, आणि त्यावरून माशांच्या उत्पन्नात अंदाजे ३० टक्के. तिथल्या कोळ्याला हा धडा परका नाही.

आपल्या देशात नैनितालचा तलाव घ्या. उन्हाळाभर तळाच्या थरातला प्राणवायू संपतो, थंडीत वरचं पाणी गार होऊन बुडतं, तलाव उलटापालटा होतो आणि तळाचं ते श्वास संपलेलं पाणी वर येतं. तिथे थंडीत मासे मरत. म्हणून २००७ पासून तळाशी नळ्या टाकून हवा सोडायला सुरुवात झाली. माझ्या पुस्तकात थंडीत थर मासे वाचवत होते; इथे थंडीत थर मोडले की मासे मरत. दोन्हीला नियम एकच. मी पहिली गोष्ट शिकवली आणि दुसरी आपल्या देशात घडते याची मला वार्ता नव्हती.

धरणातून पाणी उचलायच्या मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात त्याचंही एक कारण हेच. थर धरलेल्या जलाशयात तळाच्या पाण्यात प्राणवायू संपला की सडक्या अंड्यासारखा वास, लोह आणि मँगनीज येतं. वरच्या पाण्यात शेवाळ असतं. म्हणून पाणी कुठल्या थरातून घ्यायचं हे ठरवावं लागतं. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याला विचारा. भर उन्हाळ्यात अचानक वळवाचा पाऊस कोसळला की त्याचा जीव खालीवर होतो, कारण गार पाणी बुडतं, तळ वर येतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून श्वासासाठी धडपडतात. शेततळी आमच्याही तालुक्यात झाली आहेत. म्हणजे माझे विद्यार्थी आज नेमक्या त्याच धड्यावर पोट भरत असतील, ज्याबद्दल मी त्यांना सांगितलं की हे आपल्याकडे नसतं.

मिशिगनचीही गोष्ट पुढे गेली आहे. तिथल्या सरकारी संशोधकांनी तीन दशकं पाण्याच्या पोटात तापमापींची साखळी टांगून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि २०२१ साली निष्कर्ष मांडला: खोलवरचं पाणीही हिवाळ्यात पूर्वीपेक्षा कमी थंड होतंय, थंड होण्याचा काळ आखूड झालाय, उन्हाळ्याचे थर लवकर बसतायत. पृष्ठभागाचं तापमान उपग्रहही सांगतो. तळाचं कळायला कुणीतरी दोरीला तापमापी बांधून वर्षानुवर्षं ती वाचत राहावं लागतं.

आता स्वतःला एक प्रश्न विचारते. मी खरोखर बदलले, की फक्त नवी माहिती मिळाली म्हणून जुन्या तोऱ्यात नवा धडा सांगते आहे? खात्रीने सांगता येत नाही. पण एक सवय मोडली आहे. पूर्वी कुणी काही पाहिलेलं सांगितलं की मी आधी ते कुठल्या पुस्तकात बसतं ते बघायचे आणि बसलं नाही तर सोडून द्यायचे. आता आधी विचारते, कुठे पाहिलंस, कधी, किती खोल. शिक्षक म्हणून हे पहिल्या वर्षी सुचायला हवं होतं. आणि आपल्या मातीतलं शिक्षण हवं ही माझी मागणी अजूनही आहे. फक्त ते वरून कुणीतरी पाठवील अशी वाट बघत बसणं हा ढोंगीपणा होता, हे कबूल आहे.

जे आज हा धडा शिकवतात त्यांना एवढीच विनंती. होपचं उपकरण शाळेत नसेल तर नसू दे. एक जड बाटली घ्या, तिला बूच लावा, बुचाला वेगळी दोरी बांधा. मे महिन्यात दुपारी, कठडा असलेल्या विहिरीवर मोठ्या माणसांच्या देखत, दर मीटरला बाटली सोडून बूच ओढा, पाणी भरलं की चटकन वर घेऊन तापमापी बुडवा. आकडे मुलांना लिहू द्या, आलेख मुलांना काढू द्या. तो सरळ तिरका येईल की मध्येच कोसळेल, हे आधी सांगू नका. मग घनतेचा तक्ता फळ्यावर लिहा आणि दोन वजाबाक्या करायला लावा: ४ ते ५ अंशांची आणि २९ ते ३० अंशांची. हजार लिटरमागे ८ ग्रॅम आणि हजार लिटरमागे ३०० ग्रॅम. दुसरा आकडा आपला आहे.